पाला कडूच होता

आमच्या जिल्ह्यातल्या डॉक्टरांची वर्षातून एकदा परिषद भरते. जागा म्हणजे परभणीतलं एखादं मंगल कार्यालय. आदल्या दिवशी तिथं लग्न होऊन गेलेलं असतं, त्यामुळे संशोधनावरची भाषणं कालच्या झेंडूच्या माळांखाली होतात आणि पाहुणे प्राध्यापक नवरदेवाच्या लाल खुर्चीत बसतात. सकाळी दीपप्रज्वलन, मग शाली, नारळ, स्मृतिचिन्हं. मोठ्या शहरांतून आलेले वक्ते आम्हाला अशा तपासण्या सांगतात ज्यांची यंत्रं अख्ख्या जिल्ह्यात नाहीत. भाषणांना निम्म्या खुर्च्या रिकाम्या, जेवणाच्या रांगेत मात्र सगळे वेळेवर हजर. मी हे वर्षानुवर्षं बघत आले आहे आणि दर वर्षी चिडते. घरचे म्हणतात, आता दवाखाना बंद केलाय, चिडायला तरी कुठंतरी जायला हवं ना.

जेवणाआधीचं एक सत्र मात्र माझं आहे. ते मला कुणी दिलं नाही, मी भांडून घेतलं. हे सत्र नव्या डॉक्टरांचं. आरोग्य केंद्रांत, तालुक्याच्या दवाखान्यांत नुकती लागलेली पोरं-पोरी असतात. ती जे रोज बघतात ते शहरातल्या कुठल्याही प्राध्यापकाच्या बापजन्मात दिसत नाही. पण ते मांडायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. इंग्रजीची धास्ती असते. पुढच्या रांगेतले ज्येष्ठ नाकानं कांदे सोलतात, आणि एक खवचट प्रश्न आला की हे बिचारे पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. म्हणून परिषदेआधीचे दोन-तीन रविवार मी त्यांना घरी बोलावते. माझ्या फ्रीजशेजारी उभं राहून ती बोलतात, मी समोर स्टीलचा पेला आणि चमचा घेऊन बसते. वेळ संपली की पेल्यावर चमचा. स्लाइडवर निबंध लिहिणाऱ्याला मी जेवायला वाढत नाही. बाकी कुणाला उपाशी पाठवलेलं नाही.

या सत्राचा एक नियम आहे, तोही माझाच. इंग्रजीत मांडून झालं की तेच थोडक्यात मराठीत सांगायचं. कारण मागच्या खुर्च्यांवर नर्स असतात, गावोगावच्या आशाताई असतात. रुग्ण आधी त्यांच्या हाताखालून जातो, मग आमच्याकडे येतो. त्यांना न कळणारं संशोधन आपल्या भागात काय कामाचं? ज्येष्ठांनी नाकं मुरडली. मी म्हटलं, मुरडा. तो नियम मला आजही बरोबरच वाटतो. जे घडलं त्यानंतरही.

ती मुलगी तीन-एक वर्षांपूर्वी पहिल्यांदा माझ्याकडे आली. पालमकडच्या एका खेड्यातली. कोरडवाहू जमीन, तूर-कापूस, थोडी ज्वारी, बाप स्वतः औत धरणारा. घरातली ती पहिली डॉक्टर आणि गावातलीही. नोकरी ताडकळसच्या बाजूला एका आरोग्य केंद्रात. अंगानं किरकोळ, बोलणं कमी, आणि कामाला अशी चिवट की मी आपणहून तिला दुसरा चहा विचारला. मी असं सहसा करत नाही.

तिचा विषय साप चावण्याचा होता. त्यातही तिला हवं होतं ते एकच, लिंबाचा पाला.

आमच्याकडे साप चावलेल्या माणसाला आधी मारुतीच्या पारावर नेतात आणि लिंबाचा पाला चावायला देतात. लिंब म्हणजे कडुनिंब. पाला गोड लागला तर विष चढलंय, पळा. कडू लागला तर विष नाही, जा घरी. ही परीक्षा शिकलेली माणसंही घेतात. बहुतेक साप बिनविषारीच असतात, त्यामुळे बहुतेक वेळा पाल्याची अब्रू राहते. घोणस चावली तर पाय सुजतो, रक्त येतं, तिथं पाल्याला कुणी विचारत बसत नाही. घात करते ती मण्यार. ती जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि डास चावल्याइतकंही दुखत नाही. खूण शोधून सापडत नाही. तिचं विष माणसाला हळूहळू लुळं करतं, पण जिभेच्या चवीशी त्याला काही देणंघेणं नाही. पाला कडूच लागतो. माणूस हसत घरी येतो, चहा पितो, जरा आडवा होतो. मग पापण्या जड होतात, गिळता येईना होतं, आणि शेवटी श्वास थांबतो.

आम्ही सगळे ज्येष्ठ हे जाणून होतो. पण कुणी बसून विचारलं नव्हतं. या मुलीनं दोन पावसाळे तिच्या केंद्रात आलेल्या प्रत्येकाला, आणि जो बोलू शकत नव्हता त्याच्या घरच्यांना विचारलं. पाला खाल्ला का? कसा लागला? मग काय केलं? एवढंच. एवढं साधं आणि एवढं कामाचं संशोधन माझ्या उभ्या हयातीत मी फार थोडं बघितलं.

पहिल्याच रविवारी ती फ्रीजशेजारी उभी राहिली आणि पहिला रुग्ण सांगायला लागली. मुलगा, नववीतला. पहाटे उठला तेव्हा अंथरुणाखालून काहीतरी सरपटत गेलं. हाताला चावल्यासारखं वाटलं. वडिलांनी पारावर नेऊन पाला दिला. मुलगा म्हणाला कडू लागतोय, आणि तोंड वेडंवाकडं करून हसला.

मी पेल्यावर चमचा मारला.

"वेळ संपली?" तिनं विचारलं.

"नाही. तो हसला हे तुला कुणी सांगितलं? केसपेपरवर कुणी असं लिहीत नाही."

ती स्लाइडकडे बघत राहिली. म्हणाली, "मी तिथंच होते, मॅडम. भाऊ होता माझा."

मग तिनं खाली बसून सगळं सांगितलं. ती बारावीत होती. भाऊ सुईला फार भ्यायचा, इतका की शाळेत लस टोचायला आले की हा भिंतीवरून उडी मारून शेतात. ही लहानपणी डॉक्टर-डॉक्टर खेळायला बसली की घरचा एकुलता एक रुग्ण पळून जायचा. त्या पहाटे बापानं स्वतःच्या हातानं पाला तोडला, धुतला, पोराच्या हातावर ठेवला. कसा लागतोय म्हणून दोनदा विचारलं. कडू म्हटल्यावर बापानं मारुतीला हात जोडले आणि दोघं घरी आले. चहा झाला. पोर म्हणालं, झोप येतीय. बाप म्हणाला, झोप मग, आज शाळा नको. उन्हं वर आली तेव्हा त्याच्या पापण्या उघडेनात. जीप मिळवून दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत संपलं होतं. तिथं कुणीतरी म्हणालं, आणायला उशीर झाला.

हे वाक्य मीही कितीतरी बापांना ऐकवलं आहे. दुसरं काय सांगणार? पण उशीर कशानं झाला, ते कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही.

"मला कॉलेजात कळलं," ती म्हणाली. "तिसऱ्या वर्षाला, विषशास्त्राच्या तासाला. सर मण्यारीचं सांगत होते. मी मधूनच उठून बाहेर गेले."

"घरी?"

"आईला माहीत नाही. आबांना तर कधीच कळता कामा नये. आपल्याच हातानं पाला देऊन आपण पोराला घरी आणून निजवलं, हे कळलं तर ते जगायचे नाहीत, मॅडम. आत्ताच ते त्याचं नाव घेत नाहीत. घरात त्याचा फोटो लावू देत नाहीत. आईनं एकदा लावला होता, त्यांनी काढून कपाटात टाकला. त्यांना बघवत नसणार."

मी मान हलवली. मलाही तसंच वाटलं. बाप माणसं दुःख अशीच कपाटात टाकतात, असं आपण समजून चालतो.

त्या दिवशी मी तिला एक गोष्ट सांगितली जी सांगताना माझा आवाज मलाच आवडला नाही. म्हटलं, भाऊ यात बसत नाही. तो तुझ्या केंद्रात आलेला नाही, त्याचा कागद नाही, आणि बहिणीची आठवण हा पुरावा होत नाही. तो काढावा लागेल. तिनं लगेच लॅपटॉप ओढला आणि ती स्लाइड पुसून टाकली. मग बराच वेळ माझ्या न्हाणीघरात तिनं नळ सोडून ठेवला. ज्याच्यासाठी सगळं मांडलं, तोच त्यातून बाहेर. आमचं शास्त्र असं आहे आणि ते असंच हवं, पण म्हणून त्याचा राग येत नाही असं थोडंच आहे.

पुढच्या रविवारी ती आली ती तयारीनं. एकदाही अडखळली नाही. मी खवचट प्रश्न विचारले, तिनं शांतपणे उत्तरं दिली. मराठीचा भाग तर इतका सोपा केला होता की माझ्या स्वयंपाकाच्या बाईंनी भाकरी तव्यावर ठेवून सगळा ऐकला, आणि आमची भाकरी करपली. मी म्हटलं, आता परिषदेत काही अवघड नाही.

परिषद हुरड्याच्या दिवसांत होती. थंडी होती, ज्येष्ठांनी सूट घालायची हौस भागवून घेतली होती. मी व्यासपीठावर घंटी घेऊन बसायच्या बेतात होते तेवढ्यात ती माझ्याकडे आली. ओठ पांढरे पडले होते.

"मॅडम, आबा आलेत."

तिनं घरी काही कळवलं नव्हतं. पण आयोजकांनी नव्या वक्त्यांचे फोटो टाकून आमंत्रण फोनवरून पाठवलं होतं. ते फिरत फिरत पालमच्या एका कृषी केंद्रात पोचलं. दुकानदारानं बापाला दाखवलं, ही तुमचीच ना? तेवढ्यावर तो पहिल्या एसटीनं निघाला आणि विचारत विचारत मंगल कार्यालयात येऊन बसला. मी बघितलं. मधल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. पांढरा शर्ट-पायजमा, टोपी, खांद्यावर दस्ती, मांडीवर कापडी पिशवी. शेजारच्या डॉक्टरला तो काहीतरी सांगत होता आणि बोट व्यासपीठाकडे होतं. एवढा आनंद झालेला माणूस त्या मांडवात दुसरा नव्हता.

"इंग्रजीत त्यांना काही कळणार नाही," ती म्हणाली. "पण मराठीत..."

मला नियमाचं प्रेम आहे, पण माणूस मारून नियम पाळण्याइतकं नाही. मी म्हटलं, "मराठीचा भाग सोड. इंग्रजी संपलं की मी घंटी वाजवते, वेळ संपली म्हणते. पुढच्याला बोलावते."

"चालेल?"

"सत्र माझं आहे. चालेल."

तिनं श्वास सोडला, तोंडावरून हात फिरवला आणि जाऊन बसली. तिची पाळी आली. ती इंग्रजीत बोलली, आणि काय बोलली! पुढच्या रांगेतल्या एका ज्येष्ठांनी फोन खिशात ठेवला. मी त्यांना वर्षानुवर्षं ओळखते, त्यांचा फोन खिशात जाणं म्हणजे मोठं प्रशस्तिपत्र. बाप एकेका स्लाइडकडे देवाच्या मूर्तीकडे बघावं तसा बघत होता. अक्षर कळत नव्हतं, पण लेक बोलत होती आणि सूटबूटवाले गप्प बसून ऐकत होते, एवढं त्याला पुरेसं होतं. तिचं संपलं तेव्हा त्यानं सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

मी घंटी वाजवली आणि पुढचं नाव पुकारणार, तोच मागून आवाज आला.

"मॅडम, मराठीत सांगायचं ऱ्हायलं की."

देवगाव फाट्याकडची एक आशाताई उभी राहिली होती. दर वर्षी येते, आणि प्रश्न विचारल्याशिवाय जात नाही. एरवी मला तिचं कोण कौतुक. त्या दिवशी वाटलं, बाई, आजच्या दिवस तरी गप्प बस.

"वेळ संपलीय," मी म्हटलं.

"येकच इचारते. ते पडद्यावर लिंबाच्या पाल्याचा फोटू व्हता. आमच्या गावात समदे पाला देतेत. कडू लागला की इख न्हाई म्हनतेत अन् घरी आनतेत. मागल्या पावसाळ्यात माझ्या भावकीतली सून आसंच करून गेली. मी काय सांगू लोकायला? पाल्याचं खरं हाय का न्हाई?"

घंटी माझ्या हातात होती. मी ती पुन्हा वाजवू शकले असते. मी मुलीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, बापाकडेही नाही. ती त्या आशाताईकडे बघत होती. ती बाई उत्तर घेऊन गावी जाणार होती, आणि चार महिन्यांनी पाऊस लागणार होता. उत्तर नाही मिळालं तर पुन्हा कुणीतरी पाला चावून घरी येऊन झोपणार होतं. मी घंटी टेबलावर ठेवली.

मुलीनं माईक जवळ घेतला. आणि ती आमच्या पुस्तकी मराठीत नाही, घरच्या बोलीत बोलली.

"ताई, खरं न्हाई. मन्यार चावली तरी पाला कडूच लागतोय. शेवटपातूर कडूच लागतोय. पाला गोड लागायची वाट बघत बसलात तर मानूस जातंय. दुखत नसंल, चावल्याची खून दिसत नसंल, तरी पारावर जाऊ नका. सरळ दवाखान्यात या. कडू लागला म्हनून घरी आनलेलं मानूस मी..." ती थांबली. "मी लय बघितलेत."

आशाताई "बरं" म्हणून खाली बसली. बापानं डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवरच्या पिशवीवर ठेवली. बस्स, एवढंच. बाकी त्याच्या चेहऱ्यावर मला काही दिसलं नाही.

राहिलेल्या वक्त्यांचं काय ऐकलं ते मला आज आठवत नाही. सत्र संपलं आणि सगळे जेवणाकडे धावले. मी बाहेर आले तेव्हा तो हात धुवायच्या टाकीजवळ रिकाम्या खुर्च्यांच्या थप्पीशी उभा होता. मला बघून त्यानं पिशवी पुढं केली.

"बाई, हुरडा हाय. तुमच्यासाटी आनलाय. पोरगी तुमचं लय सांगती."

मी पिशवी घेतली.

तो म्हणाला, "मला येक इचारायचंय. पर खरं सांगा. डाक्टर लोक सांगतेत तसं नगं."

"विचारा, दादा."

"मन्यार चावली तरी पाला कडूच लागतोय म्हनली ती."

"हो."

"समद्यायला? येकांद्याला गोड लागत आसंल."

"नाही दादा. चवीचा आणि विषाचा संबंधच नाही. सगळ्यांना कडूच लागतो."

त्यानं दस्तीनं तोंड पुसलं. मला वाटलं, आता हा कोसळतो. मी खुर्ची ओढली. तो बसला नाही.

"म्हंजी त्यो खोटं बोलला न्हवता," तो म्हणाला.

मला कळेना. "कोण?"

"माझं लेकरू. सुईला लय भेत व्हतं, बाई. मी दोनदा इचारलं त्याला, कसा लागतोय. कडू म्हनला अन् हासला. मंग त्यो गेला. मी म्हनलं, पाला तर खोटं बोलत न्हाई. आमच्या बापजाद्यापासून न्हाई बोलला. म्हंजी पोरगंच खोटं बोललं. गोड लागत आसतानी कडू म्हनलं, सुई टाळायला. हासलं ते बी त्याच्यासाटीच. सुईच्या भ्यानं जीव दिला अन् आमाला जितेपनी मारून गेलं. लय राग धरला मी त्याचा. लय."

त्याच्या घरात फोटो का नव्हता, नाव का घेत नव्हता, हे मला तेव्हा कळलं. मुलीला वाटत होतं बापाला बघवत नाही. बाप मेलेल्या लेकराशी अबोला धरून बसला होता.

मुलगी मागून येऊन उभी राहिली होती. तिनं किती ऐकलं ते माहीत नाही, पण चेहऱ्यावरून वाटलं, सगळं. "आबा," ती म्हणाली. "तुमची चूक न्हाई, आबा. समदं गाव तेच करतंय. तुमाला कुनी सांगितलंच न्हवतं."

त्यानं तिच्याकडे बघितलं. रागानं नाही, पण ती मान खाली घालील असं.

"तुला कवा कळालं?"

"कालिजात. तिसऱ्या वर्साला."

"मंग तवाच कामून सांगितलं न्हाई?"

"तुमाला सोसलं नसतं, आबा. आपल्या हातानं पाला दिला म्हनून तुमी..."

"माझं मी सोसलं आसतं," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मी बाप हाय. मी सोसायचं न्हाई तर कुनी? पर तू गप बसलीस अन् मी त्याला खोटारडं म्हनत ऱ्हायलो. सनासुदीला तुझ्या आईला त्याच्या नावाचा घास काढू दिला न्हाई. त्यानं कुनाला सांगायचं व्हतं, गं? त्याच्या बाजूनं बोलायला तू येकटीच तर व्हतीस."

ती मुलगी इतकी वर्षं बापाला जपत होती. ते जपणं भावाच्या माथी गेलं, हे तिला त्या क्षणी कळलं. ती खाली बसली, तिथंच, टाकीच्या ओल्या फरशीवर. तिचं रडणं मला आजही ऐकू येतं. मांडवातून एक-दोघं डोकावले, मी हातानंच त्यांना परत पाठवलं. मलाही रडू आवरत नव्हतं. आत कुणीतरी जिलबी संपल्याची तक्रार करत होतं.

बाप तिच्याशेजारी उकिडवा बसला. तिच्या पाठीवर हात ठेवला, पण उगी म्हणाला नाही. मग त्यानं विचारलं,

"त्याचा फोटू हाय का तुझ्यापाशी?"

तिनं डोळे पुसत फोन काढला, शोधला आणि त्याच्या हातात दिला. शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो होता, केस पाण्यानं चापून बसवलेले, वरचं बटण लावलेलं. त्यानं खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. फोन दोन्ही हातांत धरला. फोनची काच विझायला लागली की तो घाईघाईनं लेकीपुढं करायचा, ती बोट लावून पुन्हा उजळून द्यायची.

"कडूच लागला व्हता की रं तुला," तो फोटोला म्हणाला. "खरं बोलला व्हतास तू."